दोन ग्रॅम

टेनो नदीकाठचं आमचं टपालघर बंद झालं
तेव्हा बाबांनी दोनच वस्तू घरी आणल्या:
चामड्याची थैली
आणि पत्रं तोलायचा पितळी काटा.
काट्यात खोट आहे. तबक रिकामं असलं
तरी दोन ग्रॅम दाखवतो.

आता त्यावर मी चमचे तोलते,
मोजे, तंबूच्या खुंट्या, मेणबत्तीचं बूड.
मी पाठपिशव्या शिवते:
ना सांगाडा, ना झाकण, ना कप्प्यात कप्पा,
वाऱ्यात धरली तर पतंगासारखी ओढ घेणारी,
एक पिशवी तीनशे ऐंशी ग्रॅम.

गिऱ्हाईकं दक्षिणेकडून येतात, ताम्पेरेहून, हॅम्बुर्गहून,
टूथब्रशचे दांडे अर्धे कापलेले,
सदऱ्यांची लेबलं उसवलेली,
मांजराच्या खाण्याच्या डबीला भोकं पाडून केलेली चूल
पहिलं मूल दाखवावं तशी दाखवतात.
एकाने तर लग्नाची अंगठीही तबकात ठेवली,
मग बायकोकडे बघून
उचलली.

बाबा खिडकीशी सुरीला धार लावत असतात.
म्हणतात, माझी थैली रिकामी चार किलो.
आणि भरली की?
भरली की हलकी.
दर दाराशी कमी व्हायची ना.

यावर काय बोलणार.
मी मशीनचं पायडल दाबते.

सप्टेंबरात बर्च पिवळे पडले, डास मेले,
मी पाच दिवस एकटी निघाले.
अन्न सोडून सगळं मिळून चार किलो,
म्हणजे बाबांच्या रिकाम्या थैलीएवढं.
पाणी पाठीवर नाही, ओढ्याशी पोटात भरून घ्यायचं.
एका वस्तूकडून दोन कामं घ्यायची:
चालायची काठी रात्री तंबूचा खांब,
जाकीट उशाला, पिशवी पायांखाली.
सगळं पाठ होतं मला,
पाठीलाही पाठ होतं.

तिसऱ्या संध्याकाळी मात्र वाऱ्याला भ्यायले
आणि दलदलीशेजारच्या खोलगटात उतरले.
थंडी पाण्यासारखी उताराने येते, तळाशी साचते,
हे मी सहा वर्षांची असतानाही जाणत होते.
मध्यरात्री माझ्याच श्वासाचा बर्फ
कापडाच्या आतून माझ्यावर झडू लागला,
आणि ज्याला चुकवलं तो वाराही
पत्ता शोधत आला.
कोपऱ्याची शिवण,
माझ्याच हातची शिवण,
वीतभर उसवली.

सुई टोपीत खोचलेली होती.
दोरा घरी.
अख्खं रीळ नऊ ग्रॅम! मीच काढून ठेवलं होतं,
मोठ्या तोऱ्यात.
काखेत कळसा म्हणावं
तर कळसाच घरी.

मग आठवला दात साफ करायचा धागा.
बारका दिवा दातांत धरून,
बधिर बोटांनी, नेम चुकत,
पुदिन्याच्या वासाचे टाके घातले वीतभर
आणि त्या उजाड रानात, कुणी ऐकत नसताना,
मोठ्याने हसले.
दिवा पडला. तो शोधण्यात
उरलेली रात्र गेली.

घरी आल्यावर बाबांनी कापड हातात घेतलं,
टाक्यांवरून अंगठा फिरवला,
नाकाशी नेलं.
शिवणीबद्दल चकार शब्द नाही.
"रौना, झोपली होतीस कुठे?"
मी खोलगटाचं नाव सांगितलं.
ते बराच वेळ नदीकडे बघत राहिले,
मग उठले, थैलीच्या पार तळाशी हात घातला,
रेनडिअरच्या शिरेचा वळलेला दोरा काढला,
चार बोटांभोवती गुंडाळलेलं वेटोळं,
पिवळट, कडक,
आणि तबकात ठेवलं.

पाच ग्रॅम, मी म्हटलं.

तीन, ते म्हणाले.
दोन आधीचेच असतात.
ते धरून चालायचं.